गुलकंदवाल्याची जीभ

गुलाबाची पाकळी खाण्याची एक पद्धत असते आणि ती न पाळणाऱ्या माणसांचा मला आजही राग येतो. लग्नाच्या पंगतीत कोणी मिठाईवरची पाकळी उचलतं, तोंडात टाकतं, दोनदा चावतं आणि ‘काही खास नाही’ म्हणतं, तेव्हा मला ताटावरून उठून त्याला शहाणं करावंसं वाटतं. अरे बाबा, पाकळीच्या बुडाशी ती पांढरी टिकली असते ना, ती आधी नखाने खुडून टाक! सगळा कडवटपणा तिथे असतो. मग पाकळी जिभेवर ठेव, तोंड मिट आणि स्वल्प थांब. आधी थंड लागेल, काकडीच्या सालीसारखं. मग तुरट. आणि मग नाकातून श्वास सोडलास की मागून येईल तो खरा गुलाब. हे सगळं मला बाराव्या वर्षी कळत होतं, कारण त्या वर्षी मी बंगळुरातल्या एका गुलकंदवाल्याची जीभ होते.

तो गुलकंदवाला म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलं हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि भांडण रंगात आलं की दोन्ही एकदम, असा आमचा खाक्या. बसवनगुडीतल्या आमच्या गच्चीवर गुलकंदाच्या काचेच्या बरण्या उन्हात ओळीने बसलेल्या असत, आणि शिवाजीनगरात अण्णांचं छोटंसं दुकान होतं. पानवाले, मिठाईवाले, दोन-तीन वैद्यसुद्धा त्यांच्याकडूनच गुलकंद नेत. कारण अण्णा रोज पहाटे मार्केटात जाऊन प्रत्येक टोपलीतली पाकळी स्वतः खाऊन बघत आणि मगच फुलं घेत. फुलं पन्नीर गुलाबाचीच. हा गुलाब फिका, बारीक, दिसायला विस्कटलेला. पण मोठे टपोरे गुलाब त्याच्यापुढे नुसते शोभेचे. चघळून बघा, चामडं!

साठ साल उजाडायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं. पौषात अण्णांना ताप आला. गावात सगळ्यांनाच येत होता, तसाच. दहा दिवसांनी उतरला. अकराव्या दिवशी आईने कॉफी दिली, अण्णांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “ह्यात कॉफी घातलीस की नुसतं गरम पाणी?”

आई हसली. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तिने हिंग आणला, कापूर आणला, लिंबाचं लोणचं आणलं. अण्णा एकेक हुंगत, चाखत राहिले आणि मान हलवत राहिले. नाक गेलं होतं आणि जीभही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार.

आता हे घरातलं दुखणं नव्हतं, हे दुकानाचं मरण होतं. ज्याला चव कळत नाही त्याच्याकडून गुलकंद कोण घेणार? अण्णांनी आम्हाला दोघींना बजावलं की ह्यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये. मग ते नुसत्या डोळ्यांनी निवड करून फुलं आणायला लागले, आणि दुसऱ्याच बरणीला फजिती झाली. एका मिठाईवाल्याने बरणी परत पाठवली. सोबत निरोप, की अण्णा, बरं नाही का तुम्हाला? अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. एरवी ते जेवताना प्रत्येक पदार्थाला काहीतरी म्हणत. आमटी आज नाराज दिसते, कोशिंबीर मात्र खुशीत आहे, असलं काहीबाही. आई लटकं रागवायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून करायची. आता ताटावर शुकशुकाट झाला.

मी म्हणाले, “मी येते मार्केटात. मी चाखते.”

मला फुलं खायची खोड आधीपासूनच होती. शाळेच्या आवारात गुलमोहर होता. त्याच्या फुलातल्या चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची असते. ती पाचवी तोंडात टाकली की डोळे आपोआप बारीक होतात, इतकी छान आंबट! चिंचेची फुलंही आंबट, पण त्यांच्या आंबटपणात जरा गोडी असते. केळफूल सोलताना आत जी फण्यांसारखी फुलं निघतात, त्यांच्या बुडाला मधाचा एकेक थेंब असतो. आई भाजी करायला बसायच्या आत मी ते सगळे चोखून मोकळी झालेली असे. शेवंती चावून बघितली होती, औषधासारखी कडू. मोगऱ्याने तर शुद्ध फसवणूक केली, एवढा वास आणि चव काहीच नाही. कण्हेर आणि धोतऱ्याला मात्र हात लावला तर आई हात तोडीन म्हणाली होती, आणि आईच्या असल्या वाक्यांवर माझा पूर्ण विश्वास होता.

आई आधी नाहीच म्हणाली. बारा वर्षांची घोडी झालीय, बाजारात हमालांच्या धक्क्यांत फिरवायची का, वगैरे सगळं झालं. शेवटी परत आलेल्या त्या बरणीकडे बघून तिने अण्णांकडून शब्द घेतला. “तुमची जीभ परत येईपर्यंतच. ती आली की दुसऱ्या दिवसापासून ही घरात.” अण्णांनी शब्द दिला.

आणि मग माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी वर्ष सुरू झालं.

पहाटे साडेचारला उठायचं. स्वेटर, डोक्याला रुमाल, आणि अण्णांचा हात धरून अंधारातून चालत मार्केट. आत शिरलं की पेट्रोमॅक्सच्या उजेडात फुलंच फुलं! शेवंतीचे डोंगर, अबोलीचे भारे, ओल्या गोणपाटातला मरवा, केळीच्या पानावर उपड्या केलेल्या कळ्या. बायका ओरडताहेत, डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं ‘दारी, दारी’ म्हणत वाट मागताहेत, पायाखाली सगळा चिखल आणि त्या चिखलालासुद्धा सुवास. शाळेतल्या एकाही मुलीने हे पाहिलं नव्हतं. मला तर नाचावंसं वाटे.

काम मात्र नाटकातल्यासारखं चोख चाले. अण्णा टोपलीसमोर उभे राहून एक पाकळी स्वतः तोंडात टाकत आणि एक मला देत, पोरीचं तोंड गोड करायला दिल्यासारखी. मग ते डोळे मिटून, भुवया उंचावून चघळत. नाटक कंपनीने त्यांना लगेच ठेवून घेतलं असतं. तेवढ्यात मी ठरवायचं. फुलं चांगली असली तर मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहायची, वाईट असली तर डाव्या. कधी कधी फुलंवाल्या रात्री पाणी मारून कालची फुलं ताजी करतात. दिसायला ती टवटवीत असतात, पण चव पाणचट होते, आणि शेवटी जिभेवर ओल्या कागदासारखं काहीतरी राहतं. एकदा ते ओळखता आलं की पुन्हा चूक होत नाही. मी डावीकडे सरकले की अण्णा मान हलवत म्हणत, “इवत्तु बेडा.” आज नको. फुलंवाल्या बायका वरमत आणि अण्णांच्या जिभेला हात जोडत. आणि ती जीभ स्वेटर घालून त्यांच्या डाव्या बाजूला उभी असे!

परतताना टोपल्यांसह जटक्यात बसायचं. घोडा चालू लागला की अण्णा विचारत, “हं, सांग. कशी होती?”

सुरुवातीला मी ‘चांगली’ म्हणायचे. त्यावर त्यांचं समाधान होत नसे. चांगली म्हणजे कशी? आधी काय आलं? मागून काय आलं? गिळल्यावर काय राहिलं? मग मी शब्द शोधायला लागले. आज वेलचीच्या सालासारखी. आज मधाच्या आधी जी घसा खाजल्यासारखी गोडी येते तशी. आज नुसती थंड, पावसात भिजलेल्या पाटीसारखी. अण्णा डोळे मिटून ऐकत, आणि ह्या वेळी ते नाटक नसे. दुपारी दुकानात तेच शब्द ते गिऱ्हाइकाला ऐकवत आणि गिऱ्हाईक खूष होऊन जाई. मला ते कळलं तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग मी गुलाबावर थांबेना. पाडव्याला कडुनिंबाची फुलं गुळातून खाल्ली. अण्णांनीही खाल्ली, कोऱ्या चेहऱ्याने. मी त्यांना सांगितलं की पानांचा कडूपणा घशात जाऊन बसतो, फुलांचा मात्र जिभेच्या टोकावरच राहतो आणि गूळ त्याची लगेच समजूत घालून त्याला घेऊन जातो. शेजारच्या अक्कांनी शेवग्याच्या फुलांची भाजी पाठवली, तीही मी त्यांना शब्दांनी भरवली. मशरूम तेव्हा मी कधी खाल्लं नव्हतं. आज सांगायचं तर त्याच्यासारखी, आणि मागून मुळ्याचा एक हलका चटका. भोपळ्याची फुलं पिठात बुडवून तळली की बाहेरून कुरकुरीत आणि आत ओलसर लोण्यासारखी. अण्णा घास घेत आणि माझ्याकडे बघत. मी बोलले की मगच ते चावायला लागत.

आता एक वाईट गोष्ट सांगते. दर संकष्टीला आई मला मोठ्या गणपतीला एकवीस प्रदक्षिणा घालायला पाठवायची, अण्णांची जीभ परत यावी म्हणून. मी प्रदक्षिणा एकवीसच घालायचे, त्यात कधी लबाडी केली नाही. पण सांगायचे ते असं की देवा, अण्णांना बरं कर, पण एवढ्यात नको. मला माहीत होतं की हे पाप आहे. अण्णांचं बेचव जेवण मला दिसत होतं, आईचा उतरलेला चेहरा दिसत होता. तरी पहाटेचं ते मार्केट डोळ्यांसमोर आलं की माझ्या तोंडून तेच निघायचं. महिने गेले, चव येईना, आणि ती माझ्यामुळेच अडली आहे अशी माझी खात्री झाली.

दिवाळी झाली. बंगळूरची थंडी पडली आणि मला सणकून सर्दी झाली.

सकाळी उठले तेव्हा नाक दोन्हीकडून बंद होतं. कॉफी गरम पाण्यासारखी लागली. मी घाबरले. सांगितलं असतं तर आईने अंथरुणातून उठूच दिलं नसतं. मी नाक रुमालात दडवलं आणि अण्णांच्या मागून निघाले. म्हणजे गुलकंदवाल्याचं जे गुपित होतं, तेच आता गुलकंदवाल्याच्या जिभेचंही झालं.

नेहमीच्या फुलंवालीकडे त्या दिवशी दोन टोपल्या होत्या. पहिलीतले गुलाब इतके टवटवीत होते की बघत राहावं. दुसरीतले जरा मलूल. अण्णांनी पहिलीतली पाकळी मला दिली. मी चघळली. काही नाही. कागद चघळल्यासारखं, किंवा तेही नाही. पण दिसत तर सुरेख होती! मी धीर करून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

अण्णांनी चघळणं संपवलं. माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या टोपलीतली एक पाकळी तोंडात टाकली आणि फुलंवालीला म्हणाले, “हे राहू दे. मला ते मलूल दे.”

ती बाई खो खो हसायला लागली. आपल्या कानडीत म्हणाली, “अण्णा, तुमच्यापुढे काही चालत नाही बघा! पहिली टोपली कालचीच आहे. रात्री पाणी मारलं होतं. कसं ओळखता हो?”

मी उजव्या बाजूला उभी होते, आणि अण्णांनी ओळखलं होतं!

जटक्यात बसेपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले. टोपल्या चढल्या, घोडा चालू लागला.

“तुम्हाला चव येते,” मी म्हणाले.

जटकेवाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी अण्णांनी आवाज उतरवला. “हो.”

“कधीपासून?”

“श्रावणापासून. आरतीच्या वेळी कापराचा वास आला. तबक पडलंच असतं हातातून.”

श्रावण! मी बोटं मोजली. चार महिने! चार महिने मी रडत-खडत पापाचं ओझं वागवत होते आणि ह्यांची जीभ आपली मजेत होती! मला इतका संताप आला की मी ओरडलेच, “मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू घरात. तुझ्या आईला शब्द दिलाय मी.” मग त्यांनी टोपलीवरचं गोणपाट नीट केलं. “आणि खरं सांगू? मला आधी फूल चांगलं की वाईट, एवढंच कळायचं. तीस वर्षं तेवढ्यावरच धंदा केला. तू सांगायला लागलीस तेव्हा मला गुलाब कसा लागतो ते कळलं. ते ऐकणं सोडवेना.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला इतका आनंद झाला की रडूही आलं आणि शिंकाही आल्या, आणि अण्णांनी आपला रुमाल दिला. मी तिथल्या तिथे गणपतीची सगळी हकिगत सांगून टाकली. ते इतके हसले की जटकेवाल्याने मागे वळून पाहिलं. मग आम्ही दोघांनी ठरवलं की आईला काही कळू द्यायचं नाही.

तो बेत दुपारपर्यंत टिकला.

आईने त्या दिवशी हादग्याच्या फुलांची भाजी केली होती. अण्णांची ही सगळ्यात लाडकी भाजी. फार खटपटीची. प्रत्येक पांढरं फूल उघडून आतला दांडा काढायचा, नाहीतर कडूजहर होते. मग भिजवलेली मुगाची डाळ, हिरवी मिरची, वरून खोबरं. चव मेथीसारखीच, पण मऊ, जरा लाडावलेली. सकाळपासून आई दांडे काढत बसलेली मी पाहिली होती.

अण्णा जेवायला बसले. कोरा चेहरा करून घास घेतला. आईने हळूच विचारलं, “काही कळतंय का हो?”

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “छे.”

“असू दे. पोट भरलं म्हणजे झालं,” आई म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता, ह्या वर्षभरात तिला त्याची सवय झाली होती. आणि मला दिसलं की अण्णा ताटाच्या कडेला चिकटलेलं एकेक फूल बोटाने गोळा करून खाताहेत, सावकाश, संपू नये म्हणून. चार महिने हा माणूस असा जेवत होता. तोंडभर चव आणि त्यातला एक शब्द बायकोला सांगायची सोय नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर मला पहाटे चिखलात नाचता यावं म्हणून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“आई,” मी म्हणाले, “अण्णांना चव येते. श्रावणापासून.”

आई वळली. तिच्या हातात डाव तसाच होता. ती माझ्याकडे बघेना, नुसती अण्णांकडे बघत राहिली. अण्णा चोरी पकडलेल्या पोरासारखे खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी भाजीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “मीठ स्वल्प कमी पडलंय.”

आईला रडू कोसळलं. रडता रडता तिने त्यांना कानडीत शिव्या घातल्या, मग मराठीत घातल्या, मग मिठाची बरणी आणून त्यांच्यासमोर आदळली आणि उरलेली सगळी भाजी त्यांच्या ताटात वाढली. अण्णा जेवत होते आणि बोलत होते. डाळ जमलीय, मिरची जरा तोऱ्यात आहे, खोबरं कुठलं आणलंस? आई मध्येच हसत होती, मध्येच ‘चार महिने!’ म्हणून डोळे पुसत होती. मी तिथून उठले तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्याबद्दल दिवसभर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंही. शब्द दिलेला होता आणि जीभ परत आली होती. झोपताना मी रुमालात तोंड खुपसून खूप रडले. पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा तेच केलं असतं, पण म्हणून रडू थांबत नव्हतं.

अंधार होता तेव्हाच कोणीतरी माझं पांघरूण ओढलं. मी डोळे उघडले तर हातात माझा स्वेटर घेऊन आई उभी.

“ऊठ. बाहेर थांबलेत ते.”

मला काही समजेना. “पण त्यांना तर चव…”

“त्यांना काय विचारायचं? मी काल संध्याकाळी विचारलं, गुलाब कसा लागतो हो? तर म्हणे, चांगला.” आईने स्वेटर माझ्या डोक्यातून घातला आणि जरा जोरातच खाली ओढला. “पंधरा वर्षं मी ह्या घरात पाकळ्या खुडतेय. एकही तोंडात टाकायची नाही, माल उष्टा होतो, असं आल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, ते आजवर पाळलंय. नाक उघडलं की नीट चाखून बघ आणि घरी येऊन मला सांग. आधी काय लागतं, मागून काय लागतं, सगळं.”